वर्णमालेचा क्रम आणि बालवाडीतील मूल

वर्णमाला आपण सर्वांनी लहानपणी पाठ केलेली असते आणि एकदा पाठ झालेल्या गोष्टीकडे माणूस सहसा पुन्हा वळून पाहत नाही. ‘क’ नंतर ‘ख’ का आणि ‘प’ नंतर ‘फ’ का, असा प्रश्न आपणांस कधी पडत नाही. मला तो पडला याचे कारण दोन गोष्टींचा योगायोग. एकीकडे भाषाशास्त्राच्या तासाला वर्णांचे वर्गीकरण चालले होते आणि त्याच वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या निमित्ताने मी वसईच्या पश्चिम पट्ट्यातील एका बालवाडीत आठवड्यातून दोन सकाळी जात होतो. महाविद्यालयाच्या फळ्यावर कंठ्य, तालव्य, मूर्धन्य अशी परिभाषा वाचावयाची आणि दुसऱ्या दिवशी चार वर्षांच्या मुलांच्या तोंडून तेच वर्ण गाण्याच्या चालीवर ऐकावयाचे, असा क्रम सुरू झाला. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वर्णांचा क्रम शिकवावा काय, शिकवावा तर केव्हा व कसा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम मला काय दिसले ते सांगतो. बालवाडीतील बहुतेक मुले ‘क’ पासून ‘ज्ञ’ पर्यंत न अडखळता म्हणत. पालक भेटीला आले की हे पाठांतर त्यांना ऐकवले जाई व ते संतुष्ट होऊन परत जात. परंतु तक्त्यावरील ‘प’ कोठे आहे असे विचारले की मुलाचे बोट ‘क’ वर जाई आणि तेथून एकेक अक्षर मोठ्याने म्हणत, चौकोनामागून चौकोन ओलांडत ते ‘प’ पाशी पोहोचे. तक्ता काढून घेतला आणि नुसते ‘प’ लिहिलेले एक कार्ड हातात दिले, तर तेच मूल गप्प होई. त्याला ‘प’ चा पत्ता ठाऊक होता, पण ‘प’ चा चेहरा ठाऊक नव्हता. शिवाय ‘यरलव’ आणि ‘शषसह’ हे त्याच्या लेखी एकेक सलग शब्द होते. त्यांत चार चार वर्ण आहेत याची त्याला कल्पना नव्हती.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘अक्षरे येतात’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात तीन वेगळी कामे मिसळलेली असतात. पहिले काम म्हणण्याचे : वर्ण एका ओळीत उच्चारणे. दुसरे ओळखण्याचे : कोठेही लिहिलेले अक्षर पाहून त्याचा ध्वनी सांगणे. तिसरे शोधण्याचे : क्रमाच्या आधाराने नेमकी जागा हुडकणे. हजेरीपटातील नाव, ग्रंथालयातील कार्डांच्या खणांतील पुस्तक, शब्दकोशातील शब्द ही तिसऱ्या कामाची उदाहरणे होत. तिन्ही कामे उपयोगाचीच आहेत. मात्र ती एकाच वेळी, एकाच तक्त्यावरून आणि एकाच क्रमाने करून घेण्याचा आग्रह मुलाला अडचणीत टाकतो, असे माझे मत झाले आहे.

क्रम कशासाठी?

क्रम ही कामासाठी केलेली सोय असते. याचे उत्तम उदाहरण आपल्याच परंपरेत आहे. प्रातिशाख्य ग्रंथांतून आलेली वर्णांची मांडणी उच्चारस्थानांवर उभी आहे. पाणिनीला मात्र व्याकरणाचे नियम थोडक्यात सांगावयाचे होते. म्हणून त्याने तेच वर्ण चौदा माहेश्वर सूत्रांत निराळ्या क्रमाने बसविले. त्या मांडणीत पाच वर्गांचे क-च-ट-त-प हे चढते सोपान दिसत नाही. ‘ह’ तर तेथे दोनदा येतो. म्हणजे पाणिनीसारख्या आचार्यानेही कामाप्रमाणे क्रम बदलला. मग बालवाडीतील शिक्षिकेने तो बदलला तर वर्णमालेचा अवमान झाला असे मानण्याचे कारण नाही.

आता नेहमीच्या क्रमाकडे पाहू. ‘क’ पासून ‘म’ पर्यंतची पंचवीस स्पर्श व्यंजने म्हणजे पाच ओळी व पाच रकाने यांचा चौकोन आहे. ओळी तोंडातून प्रवास करतात : ‘क’ वर्ग कंठाशी, ‘च’ वर्ग टाळूशी, ‘ट’ वर्ग मूर्ध्याशी, ‘त’ वर्ग दातांशी आणि ‘प’ वर्ग ओठांशी. आतून बाहेर असा हा रस्ता आहे. प्रत्येक ओळीत पहिला वर्ण अघोष, दुसरा अघोष पण महाप्राण, तिसरा घोष, चौथा घोष व महाप्राण, पाचवा अनुनासिक. पुढे ‘य र ल व’ पुन्हा टाळूपासून निघून मूर्धा व दात ओलांडून ओठांपर्यंत येतात. ‘श ष स’ हेही टाळू, मूर्धा, दात याच वाटेने येतात. पाठ करताना जी नुसती यादी वाटते, ती वस्तुतः मुखाचा नकाशा आहे.

हा क्रम ध्वनींचा असल्यामुळे अक्षरांची वळणे बदलली तरी तो टिकला. आपल्या नालासोपाऱ्याचेच उदाहरण घ्या. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपारे येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला आणि नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली भुईगावजवळ सापडला. त्या ब्राह्मी लिपीतील ‘क’ हा बेरजेच्या चिन्हासारखा आणि ‘ठ’ म्हणजे नुसते वर्तुळ. आजच्या विरारच्या मुलाला ती अक्षरे दाखविली तर त्याला त्यांतील एकही वाचता येणार नाही. पण ब्राह्मीपासून निघालेल्या देवनागरी, गुजराती, बंगाली, कन्नड, तेलुगू अशा लिपींत ‘क ख ग घ’ हीच ओळ आजही चालते. तिबेटी आणि थाई लिपींनीही ही मांडणी घेतली. जपानी लिपीचा ‘का, सा, ता, ना, हा, मा’ असा जो क्रम आहे त्यावरही बौद्ध ग्रंथांबरोबर गेलेल्या संस्कृत वर्णविचाराची छाप आहे. आपल्या बालवाडीत गुजराती किंवा कन्नड घरातील मूल शेजारी बसले असेल, तर अक्षरे वेगळी असूनही दोघांची वर्णमाला एकच आहे, ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

रोमन अक्षरांची गोष्ट निराळी. ‘ए बी सी डी’ चा क्रम फार जुना आहे. सीरियाच्या किनाऱ्यावरील उगारित येथे सापडलेल्या तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर त्याचा पूर्वज दिसतो. पण तो उच्चारस्थानांवर बेतलेला नाही. ‘ए’ नंतर ‘बी’ का, याचे उत्तर तोंडात सापडत नाही. तो क्रम केवळ लक्षातच ठेवावा लागतो आणि म्हणूनच त्याला चालीचा आधार घ्यावा लागला. ‘ट्विंकल ट्विंकल’ च्या चालीवरील ते प्रसिद्ध वर्णगीत १८३५ साली बोस्टन येथे छापले गेले. त्या गीतातील ‘एल एम एन ओ’ हा भाग इतका भरभर येतो की इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील मुलांनाही तो एकच शब्द वाटतो. आपल्या ‘यरलव’ चे हे तिकडचे भावंड म्हणावयास हरकत नाही. आज बहुतेक मुलांना दोन्ही क्रम एकाच वर्षी शिकावे लागतात. एकाला कारण आहे आणि दुसऱ्याला नाही. परंतु आपण दोन्ही सारख्याच पद्धतीने घोकून घेतो आणि जे समजावून देता येण्यासारखे आहे तेही निरर्थक करून टाकतो.

बोर्डीचा धडा

बालशिक्षणाचा हा विचार आपल्याला दूरवरून आणावयाचा नाही. विरारहून डहाणूकडे जाणाऱ्या लोहमार्गावर घोलवड स्थानक आहे. तेथून जवळच्या बोर्डी गावी १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केले. ताराबाईंनी त्यापूर्वी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केले होते. गिजुभाईंचे बालमंदिर १९२० सालचे आणि नूतन बालशिक्षण संघ १९२६ सालचा. बोर्डीला अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने त्याच्या अंगणात जावे, या विचारातून तेथे ‘अंगणवाडी’ उभी राहिली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले व ते देशभर पसरले. कोसबाडच्या टेकडीवरील विकासवाडी हा याच कामाचा पुढचा विस्तार. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो आणि आपली वसई एकाच पालघर जिल्ह्यात आहेत.

या दोघींच्या कामाच्या मुळाशी मारिया मॉन्टेसरी यांची पद्धती होती. रोम येथे १९०७ साली सुरू झालेल्या बालगृहात मॉन्टेसरीबाईंनी खरखरीत कागदाची अक्षरे करून मुलांना ती बोटांनी गिरवावयास दिली व त्याच वेळी अक्षराचा ध्वनी ऐकविला. डोळा, बोट आणि कान यांना एकाच वेळी काम मिळाले. त्यांचा तीन पायऱ्यांचा पाठही प्रसिद्ध आहे. प्रथम ‘हा प, हा म’ असे सांगावयाचे. मग ‘प कोणता?’ असे विचारून मुलाला दाखवू द्यावयाचे. शेवटी एकेक कार्ड पुढे करून ‘हा कोणता?’ असे विचारावयाचे. या पाठात एका वेळी दोनतीनच अक्षरे असतात आणि ती वर्णक्रमाने शेजारी असण्याची मुळीच गरज नसते. ताराबाई व अनुताई यांनी ही महागडी साधने खेड्यात आणताना बिया, खडे, पाने, शंख-शिंपले यांचा उपयोग केला. साधन स्वस्त झाले, पण त्यामागील विचार तोच राहिला. आमच्या बालवाडीत आम्ही पुठ्ठ्यावर डिंकाने समुद्राची वाळू चिकटवून अक्षरे केली. त्यासाठी कळंबच्या किनाऱ्यावरची एक पिशवी वाळू वर्षभर पुरली.

ओळखण्यासाठी कोणती अक्षरे आधी द्यावीत? येथे आपल्या जुन्या शिक्षकांची ‘ग म भ न’ ही युक्ती उपयोगी पडते. ही चारही अक्षरे उभ्या दंडाची असून त्यांची वळणे एकमेकांच्या नात्यातील आहेत. एक हातात बसले की दुसरे सोपे जाते. तसेच ‘व’ आणि ‘ब’, ‘प’ आणि ‘ष’, ‘र’ आणि ‘स’ यांचे नाते आहे. उलट ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात मुलांचा गोंधळ होतो. अशा वेळी एक अक्षर पक्के होईपर्यंत दुसरे मागे ठेवावे. आकारांचा क्रम वेगळा आणि ध्वनींचा क्रम वेगळा, हे शिक्षकाच्या मनात स्पष्ट असले म्हणजे झाले.

घरची बोली

वसई-विरारच्या बालवाडीत आणखी एक प्रश्न येतो आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. आपल्याकडे एकाच वर्गात सामवेदी, वाडवळी, कुपारी, आगरी, कोळी, पूर्वेकडील पाड्यांवरची वारली अशा बोली बोलणारी मुले आणि शिवाय हिंदी, गुजराती घरांतील मुले बसतात. आगरी व कोळी बोलींत ‘ण’ च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’ च्या जागी ‘ल’ ऐकू येतो. या घरांतील मूल ‘पानी’ म्हणते, ‘काला’ म्हणते. तक्त्यावर मात्र ‘ण बाणाचा’ आणि ‘ळ बाळाचा’ असतात. म्हणजे मुलाला एकाच वेळी नवे अक्षर आणि नवा ध्वनी शिकावा लागतो. एका वर्गात एक मुलगी ‘पानी’ म्हणाली तेव्हा तिला सर्वांदेखत तीनदा ‘पाणी’ म्हणावयास लावलेले मी पाहिले. तिसऱ्या वेळी तिने तो शब्द बरोबर उच्चारला. त्यानंतर त्या सकाळी ती काहीच बोलली नाही.

वर्णमाला हे मुलाचे तोंड बंद करण्याचे साधन होऊ नये. येथे ध्वनींचा क्रम साहाय्याला येतो. ‘त थ द ध न’ म्हणताना जीभ दातांशी असते आणि ‘ट ठ ड ढ ण’ म्हणताना ती वळून वर जाते. ‘न’ आणि ‘ण’ हे आपापल्या ओळीचे शेवटचे गडी आहेत. मुलाला ‘तू चुकलास’ असे म्हणण्याऐवजी ‘आता जीभ वर वळवून बघ’ असा खेळ दिला, तर त्याला नवा ध्वनी सापडतो आणि घरचा ‘पानी’ ही त्याच्यापाशी राहतो. आजी ज्या शब्दाने पाणी मागते तो शब्द चुकीचा आहे असे चार वर्षांच्या मुलाला वाटू लागले, तर पुढे त्याने प्रमाण मराठी कितीही शुद्ध लिहिली तरी आपण काही गमावलेच.

शिक्षकानेही आपल्या तक्त्याकडे जरा चिकित्सेने पाहावे. ‘च चमच्याचा’ म्हटले तर त्यात दंततालव्य ‘च’ येतो आणि ‘चंद्रा’तला ‘च’ निराळा. ‘जांभूळ’ आणि ‘जीभ’ यांतील ‘ज’ सारखे नाहीत. मराठीत एका अक्षराला दोन उच्चार असतील तर मुलाला दोन्ही शब्द ऐकवावेत. ‘ङ’ आणि ‘ञ’ यांनी सुरू होणारा नित्याचा मराठी शब्द नाही. त्यांची चित्रे शोधण्याच्या खटाटोपात पडू नये, ओळीच्या तालात ते येऊन जाऊ द्यावेत.

एक साधा कार्यक्रम

या सर्व विचारातून आम्ही जो कार्यक्रम आखला व वर्षभर करून पाहिला तो थोडक्यात असा.

पहिली पायरी तोंडाची. अक्षर न दाखवता फक्त ध्वनी घ्यावयाचे. मुलांनी गळ्यावर हात ठेवून ‘क’ व ‘ग’ म्हणावे. ‘ग’ ला हाताला थरथर जाणवते. तोंडासमोर पातळ कागदाची पट्टी धरून ‘प’ व ‘फ’ म्हणावे. ‘फ’ ला पट्टी अधिक हलते. नाक चिमटीत धरून ‘म’ म्हणून पाहावे. वर्गात यामुळे हशा पिकतो आणि अनुनासिक म्हणजे काय हे व्याख्येशिवाय कळते. ‘क’ आतला आणि ‘प’ ओठांवरचा, एवढे चार वर्षांचे मूल सहज सांगते. मधल्या तीन ओळींची स्थाने त्याला नीट सांगता आली नाहीत तरी बिघडत नाही. एका आठवड्यास एकच ओळ घ्यावी आणि ती पाच टाळ्यांवर, प्रत्येक वर्ण सुटा ठेवून म्हणावी. ‘य-र-ल-व’ ला तर चार टाळ्या हव्यातच.

दुसरी पायरी डोळ्यांची व हातांची. वाळूची अक्षरे दोनदोन, तीनतीन अशी आकाराच्या नात्याने द्यावीत. शब्द मुलाच्या परिसरातले घ्यावेत : ‘ग’ गवताचा, ‘म’ मिठाचा, ‘भ’ भाताचा, ‘न’ नारळाचा, ‘ब’ बोंबलाचा, ‘क’ केळ्याचा. ज्या मुलाने मिठागर पाहिले आहे, त्याला ‘मीठ’ या शब्दाची ओळख करून द्यावी लागत नाही. मुलाचे स्वतःचे नाव हा तर सर्वांत मोलाचा शब्द. नावातले पहिले अक्षर मूल कधी विसरत नाही.

तिसरी पायरी पायांची. अंगणात खडूने पाच बाय पाच चौकोन आखावेत व प्रत्येक चौकोनात एक अक्षर लिहावे. ‘प वर जा’ म्हटले की मुलाने उडी मारावी. प्रारंभी मुले ‘क’ पासून चालत जातात. काही दिवसांनी ‘प, म्हणजे शेवटच्या ओळीतला पहिला’ असे म्हणून थेट उडी घेतात. म्हणणे आणि ओळखणे यांची येथे गाठ पडते. क्रमाचा उपयोग मुलाला प्रथम येथे कळतो.

चौथी पायरी शोधण्याची. ही पाच वर्षे पुरी झालेल्या मुलांसाठी. नावांची कार्डे दोरीला चिमट्यांनी क्रमाने लावावयाची. ‘तुझे कार्ड कोणाच्या आधी? कोणाच्या नंतर?’ एवढाच प्रश्न. पहिल्याच अक्षराचा क्रम पाहावा. काना, मात्रा आणि जोडाक्षरे यांचा क्रम ही प्राथमिक शाळेची बाब आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना वर्णमालेत स्थान दिले. त्यामुळे स्वर चौदा झाले आणि एकूण वर्ण बावन्न. एवढ्या बावन्न वर्णांचे ओझे बालवाडीने एका वर्षात उचलावे, अशी अपेक्षा कोणीही करू नये.

पालकांचे काय?

यावर एक आक्षेप हमखास येतो. शेजारच्या शाळेतील मुले ‘ए’ पासून ‘झेड’ पर्यंत लिहितात आणि आमचे मूल अजून वाळूत बोट फिरवते, असे पालक म्हणतात. त्यांची काळजी खोटी नाही. गासच्या वाडीत राबणाऱ्या किंवा पहाटेची लोकल धरून चर्चगेटला जाणाऱ्या आईबापांना मुलाच्या प्रगतीची काही खूण हवी असते आणि पाठांतर ही चटकन दिसणारी खूण आहे. त्यांच्याशी वाद घालून उपयोग होत नाही. आम्ही त्यांना एक साधी परीक्षा सुचवली. मुलाला वर्णमाला म्हणावयास न लावता घरातल्या वर्तमानपत्राचा एक मथळा द्यावा आणि त्यात त्याला ओळखीची किती अक्षरे दिसतात ते पाहावे. कित्येक आईबाप दुसऱ्या खेपेस येऊन आपण होऊन सांगू लागले की बसच्या पाटीवरचा ‘व’ मुलाने ओळखला, मिठाईच्या दुकानावरचा ‘म’ ओळखला. एकदा हे घडले की ‘ज्ञ’ पर्यंत म्हणून दाखव, असा आग्रह आपोआप मागे पडतो.

वर्षाच्या शेवटी आमच्या बालवाडीतील सर्वच मुलांना सर्व अक्षरे आली, असा माझा दावा नाही. काहींना वीस आली, काहींना दहाच. परंतु जी आली ती कोठेही भेटली तरी त्यांच्या ओळखीची होती. आपल्यापैकी पुष्कळजण पुढे शिक्षक होतील, काही अंगणवाडीच्या कामाशी जोडले जातील आणि बहुतेकजण आईबाप तर होतीलच. त्या वेळी वर्णमालेचा तक्ता भिंतीवर लावण्यापूर्वी स्वतः एकदा ‘क’ पासून ‘म’ पर्यंत सावकाश, जिभेकडे लक्ष देऊन म्हणून पाहावे, एवढीच माझी विनंती आहे. ज्याला तो क्रम आपल्या तोंडात सापडेल, तो मुलाला घोकावयास लावणार नाही.